सापडेल त्याची चित्रकथा

“एवढी रात्र जागून चित्रे काढतेस आणि मग बसमध्ये टाकून येतेस?” आईने मला पहिल्यांदा हे विचारले तेव्हा मी घाईघाईने म्हणाले, “टाकून नाही गं, ठेवून.” टाकणे आणि ठेवणे यांतला फरक तेव्हा मलाच नीटसा ठाऊक नव्हता. तो कळायला एक वर्ष लागले आणि एक चूक घडावी लागली. त्या दोन्हींविषयी हा लेख आहे.

आधी वस्तू काय ते सांगते. ती तळहातावर मावणारी, आठ पानांची, हाताने काढलेली चित्रकथा असते. तिच्या झेरॉक्सवर दहा प्रती काढायच्या, त्या एस.टी.च्या बाकावर, वाचनकक्षातल्या टेबलावर, चहाच्या गाड्याजवळच्या कट्ट्यावर ठेवायच्या आणि निघून जायचे. विकायची नाही, ओळखीच्याच्या हातात द्यायची नाही. ज्याला सापडेल त्याची.

कृती अगदी सोपी आहे. ए-फोर आकाराचा एकच कागद आडवा धरावा आणि घड्या घालून त्याचे आठ सारखे चौकोन करावेत, वर चार आणि खाली चार. कागद उलगडून मग रुंदी निम्मी होईल असा दुमडावा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवावी. पुढची उभी घडी आली की थांबावे. आता कागद उघडला तर बरोबर मध्यावर एक चीर दिसेल. चित्रे बाहेरच्या बाजूला ठेवून कागद लांबीत दुमडावा आणि दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलावीत. चीर फाकते, चार पाकळ्या उभ्या राहतात आणि त्या एकावर एक मिटल्या की पुस्तक तयार! ना टाचणी, ना डिंक.

गोंधळ होतो तो पानांच्या क्रमात. खालच्या ओळीत डावीकडून मलपृष्ठ, मुखपृष्ठ, दुसरे पान, तिसरे पान असा क्रम येतो. वरच्या ओळीत डावीकडून सातवे, सहावे, पाचवे, चौथे अशी पाने येतात आणि तीही डोके खाली, पाय वर अशी. माझ्या पहिल्या चित्रकथेत छत्री हरवण्याआधीच सापडली होती, ती या क्रमाच्या घोटाळ्यामुळे. काळे पेन वापरावे. फिकट निळी रेघ झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही. कडेला बोटभर जागा सोडावी, कारण यंत्र कागदाच्या अगदी काठापर्यंत छापत नाही. तयार पान साधारण 74 बाय 105 मिलिमीटरचे होते. एवढ्याशा जागेत दोन माणसे आणि एक वाक्य बसते. तिसरा माणूस आला की गर्दी होते.

ही कल्पना माझी नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. जिनिव्हात रोदोल्फ टॉपफर नावाचे एक शाळामास्तर होते. ते गमतीखातर चित्रकथा काढीत आणि त्यांची हस्तलिखिते मित्रमंडळींत फिरत. वृद्ध गटेनेही ती पाहून वाखाणली होती. पुढे 1830 नंतर टॉपफर यांनी ती छापून प्रसिद्ध केली. छापखान्याच्या दारात न जाता स्वतःच प्रती काढण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती मात्र विसाव्या शतकात. आपल्याकडे 1955च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. संपादकाची ‘साभार परत’ची चिठ्ठी ज्याला चुकवायची आहे, त्याने स्वतःच प्रती काढाव्यात, हा धडा लघुअनियतकालिकांनी मराठीला दिला. चेस्टर कार्लसन यांनी 1938 साली कोरड्या छपाईची पहिली प्रत काढली होती आणि 1959 साली त्या तत्त्वावरचे कचेरीत वापरण्याजोगे यंत्र बाजारात आले. आज कोपऱ्यावरच्या दुकानात जी प्रत मला दोन रुपयांत मिळते, तिची वंशावळ ही अशी आहे.

सार्वजनिक जागी चित्रकथा ठेवण्याचेही अनेक प्रकार झाले आहेत. अमेरिकेत जॅक चिक (1924–2016) यांनी धर्मप्रसारासाठी खिशात मावतील अशा चित्रपुस्तिका काढल्या. त्यांचे अनुयायी त्या बसच्या बाकांवर, दुकानांतून ठेवीत. त्यांतल्या काही पुस्तिकांवर इतर धर्मीयांची नालस्ती केल्याची टीका झाली. दिल्लीचे शरद शर्मा आणि त्यांची ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ ही संस्था गावकऱ्यांना स्वतःच्या प्रश्नांवर चित्रकथा काढायला शिकवतात. त्यांचा नमुना चार चौकटींचा असतो. ए-फोरचे दोन कागद जोडून त्याच्या झेरॉक्स प्रती गावात भिंतींवर, चहाच्या टपरीवर, लोक जमतील तिथे लावायच्या. आणि 2001 साली ‘बुकक्रॉसिंग’ सुरू झाले. त्यात पुस्तकावर क्रमांक घालून ते कुठेतरी सोडून द्यायचे आणि ज्याला सापडेल त्याने तो क्रमांक नोंदवून कळवायचे. चिक यांना वाचक आपल्या बाजूला वळवायचा होता, शर्मांच्या गावकऱ्यांना गावात चर्चा घडवायची होती, बुकक्रॉसिंगवाल्यांना निदान पोच हवी होती. मला यांतले काहीच नको होते. निदान मी तशी समजूत करून घेतली होती.

2023च्या पावसाळ्यात मी ‘छत्री’च्या दहा प्रती काढल्या. सांगली–मिरज एस.टी.त खिडकीशेजारी एक प्रत ठेवली आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. एक आजोबा आले. त्यांनी पुस्तिका उचलून तिने आधी बाकावरचे पाणी पुसले, मग ती उघडली, चष्मा काढून डोळ्यांजवळ धरली आणि दोनदा वाचली. उतरताना ओली पुस्तिका त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. त्या दिवशी मी विश्रामबागला उतरायची ती थेट मिरजेला उतरले. तसा आनंद मला कोणत्याही बक्षिसाने झाला नव्हता. दुसऱ्या एका प्रतीत कोणीतरी पानाचा चुना पुसलेला आढळला. तेही वाचनच, असे मी मनाला समजावले.

यानंतर चूक घडली. आमच्या महाविद्यालयात एक शिपाईमामा आहेत. ते तासाची घंटा देतात आणि सकाळी सातला वाचनकक्ष झाडतात. त्यांचा एक पाय अधू आहे. मी ‘घंटा’ नावाची चित्रकथा काढली. तीत मामा घंटेपर्यंत पोचेपर्यंत तास संपतो, परीक्षा होते, विद्यार्थी म्हातारे होतात. मैत्रिणी हसून बेजार झाल्या. मी संध्याकाळी वाचनकक्षात दहा प्रती ठेवल्या आणि उद्या कोण कोण हसेल याचा विचार करीत घरी गेले.

ज्या जागा आपण सार्वजनिक म्हणतो त्या रोज कोणीतरी झाडते, ही साधी गोष्ट मला सुचली नाही. सार्वजनिक जागी ठेवलेल्या कागदाचा पहिला वाचक हा बहुधा झाडणाराच असतो.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला जिन्यापाशी थांबवले. मला रोज कागद दुमडताना त्यांनी पाहिले होते, तेव्हा नाव नसले तरी कर्ता कोण हे शोधावे लागले नाही. त्यांनी खिशातून पुस्तिका काढली. आवाज चढवला नाही.

“चित्र झ्याक काढलंयस पोरी. मी चालतो तसाच दिसतोय, खोटं काय न्हाई. पन मला एक सांग, ही मला सापडावी म्हणून ठेवलीस, का मला सोडून बाकीच्यांना?”

मला उत्तर देता आले नाही. “मामा, चुकलं,” एवढेच म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि घंटा द्यायला गेले. मी तिथेच उभी राहिले आणि त्यांना घंटेपर्यंत जाताना पहिल्यांदाच नीट पाहिले. तास वेळेवर सुटला.

दहांपैकी एक त्यांच्यापाशी होती. मी धावपळ करून चार गोळा केल्या. उरलेल्या पाच आजही कुठे आहेत, मला माहीत नाही. ठेवलेली वस्तू परत घेता येत नाही; तिचा आनंद ज्या अनिश्चिततेत आहे, तिचे भयही तिथेच आहे. माझी मोठी फसगत निनावीपणाने केली होती. नाव नाही म्हणजे गर्व नाही, असे मी मानीत होते. खरे तर नाव नाही म्हणजे जबाब नाही, एवढीच सोय मी पाहिली होती.

त्यानंतर मी काही नियम घालून घेतले. ज्यांना हा उद्योग करावासा वाटेल त्यांनी ते ताडून पाहावेत. ओळखता येईल अशा माणसाचे चित्र काढले, तर पहिली प्रत त्याच्या हातात द्यावी. तो ‘नको’ म्हणाला तर बाकीच्या फाडाव्यात. काही चिकटवू नये, ग्रंथालयाच्या पुस्तकात काही खुपसू नये. पुडके, पिशवी, डबा यांत काही ठेवू नये. फलाटावर बेवारस वस्तूंबद्दल सूचना होत असतात. कोणाला धास्ती वाटावी असे आपले काम नव्हे. कागद उघडा, एकेकटा आणि कोरड्या जागी असावा. प्रती मोजून ठेवाव्यात आणि संध्याकाळी जाऊन पायदळी आलेल्या उचलाव्यात, म्हणजे आपल्या हौसेचा केर दुसऱ्याला काढावा लागणार नाही. आणि मलपृष्ठावर आपला पत्ता लागेल एवढी खूण अवश्य असावी. मी आता वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहिते. स्तुती करायला अजून कोणी आले नाही, पण तक्रार असेल तर त्याला मी सापडावी.

कोणी म्हणेल, मग हे सारे कशासाठी? आपले लेखन, आपली चित्रे आपण बहुधा ठरावीक माणसांसाठी करतो. ती प्राध्यापकांसाठी असतात, परीक्षकांसाठी असतात, मैत्रिणींसाठी असतात. त्यांच्या आवडीनिवडी आपल्याला पाठ असतात. कट्ट्यावर ठेवलेली चित्रकथा मात्र कोणालाही सापडू शकते, म्हणून ती काढताना त्या ‘कोणालाही’चा विचार करावा लागतो. ज्याच्या हातात ती पडेल त्याला ती उचलल्याचा पश्चात्ताप होऊ नये, ही कसोटी मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिली नव्हती. ठेवणे आणि टाकणे यांतला फरक मला वाटते हाच आहे. टाकताना पुढे कोण आहे ते आपण पाहत नाही.

गेल्या जानेवारीत मी भीतभीत मामांकडे गेले आणि सकाळी सात वाजता वाचनकक्षात काय काय सापडते ते विचारले. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. पेनांची टोपणे, एक पैंजण, उत्तर न लिहिलेली प्रश्नपत्रिका, बसचा पास आणि एकदा चक्क जेवणाचा भरलेला डबा. त्याची ‘सात वाजता’ ही चित्रकथा झाली. पहिली प्रत मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सावकाश वाचली आणि म्हणाले, “डबा कुनाचा होता ते घातलंच न्हाईस की.” मी म्हटले, “पाने संपली, मामा.” तेव्हा त्यांनी उरलेल्या नऊ प्रती माझ्याकडून घेतल्या. “आन इकडं. कुठं ठेवल्या म्हंजी वाचत्यात, ते मला तुझ्यापरास जास्त ठावं हाय.”

त्या त्यांनी कुठे ठेवल्या, मी विचारले नाही. संध्याकाळी जाऊन पाहिले, तर वाचनकक्षात एकही नव्हती आणि केराच्या टोपलीतही नव्हती.

— हजेरी क्रमांक 47, द्वितीय वर्ष कला