पहिला गेमिंग पीसी घेताय? पैसे मोजण्याआधी सुट्या भागांची पत्रिका जुळवा!

परीक्षा संपल्या की बऱ्याच घरांत एक मागणी हमखास पुढे येते. “मला तयार कॉम्प्युटर नको, मी स्वतः गेमिंग पीसी असेंबल करणार!” मुलाने किंवा मुलीने यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ पाहिलेले असतात, सुट्या भागांची यादीही तयार असते. आई-बाबांना मात्र त्या यादीतली एकच गोष्ट कळते, ती म्हणजे शेवटची बेरीज. मग घासाघीस त्या बेरजेवरच होते आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. यादीतल्या वस्तू एकमेकींशी जुळतात का?

नवीन शर्ट एक साईज मोठा आला तर बदलून मिळतो. प्रोसेसरचं किंवा मदरबोर्डचं सील एकदा फोडलं की दुकानदार ती वस्तू परत घ्यायला सहसा तयार होत नाही. वस्तूत दोष असेल तर वॉरंटी आहे. पण वस्तू चांगली आहे, फक्त आपल्या दुसऱ्या वस्तूत बसत नाही, याला वॉरंटी नसते. घरातली साठ-सत्तर हजारांची किंवा लाखभराची शिल्लक अशी खोक्यात अडकू नये, म्हणून खरेदीआधी अर्धा तास पत्रिका जुळवण्यात घालवलेला बरा. आणि हे काम कॉम्प्युटरचं शिक्षण नसलेल्या पालकांनाही जमतं.

एचएसआर लेआउटपासून एसपी रोडपर्यंत

मी राहते तो बेंगळुरूचा एचएसआर लेआउट म्हणजे होसूर रोड आणि सर्जापूर रोड यांच्या मधली सात सेक्टरची वसाहत. स्टार्टअपची ऑफिसं, पीजी आणि भाड्याचे फ्लॅट यांनी गजबजलेली. पुणे, नागपूर, कोल्हापूरहून नोकरीसाठी आलेली आपली मराठी मुलं इथे भरपूर. पहिल्या काही पगारांतून गेमिंग पीसी बांधायचं स्वप्न इथे घरोघरी दिसतं.

त्यासाठीचा इथला जुना बाजार म्हणजे एसपी रोड, म्हणजेच सदर पत्रप्पा रोड. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसा बेंगळुरूकरांना हा रस्ता. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून एचएसआरकरांची सोय झाली आहे. सेंट्रल सिल्क बोर्ड स्टेशनवर बसायचं, आर. व्ही. रोडला हिरवी मार्गिका पकडायची आणि चिकपेटला उतरून चालत जायचं. दुकानांत हिंदी चालतं, पण “एष्टु?” म्हणजे “किती?” एवढं कन्नड बोललात तरी समोरचा माणूस खुलतो.

या बाजारात भाव पटापट सांगितले जातात आणि “हे नाही, ते घ्या, सेमच आहे” असंही पटापट सांगितलं जातं. कधीकधी ते खरंच सेम असतं. नसलं तर? म्हणूनच पुढच्या गोष्टी घरून पक्क्या करून निघा.

पहिली जुळणी: प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसर मदरबोर्डवरच्या ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. दोघांचं सॉकेट एकच हवं. इथे ‘जवळपास’ चालत नाही.

एएमडीचं जुनं सॉकेट एएम४. त्यावर २०१७ पासूनचे रायझेन १००० ते ५००० या मालिकांचे प्रोसेसर आले. नवं सॉकेट एएम५, ते २०२२ मध्ये आलं आणि त्यावर रायझेन ७००० आणि त्यापुढचे प्रोसेसर बसतात. इंटेलच्या बारा, तेरा आणि चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७००, तर २०२४ च्या अखेरीस आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१.

पालकांनी इथे एक प्रश्न जरूर विचारावा: “तीन वर्षांनी याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसेल का?” एएम५ला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही साथ देणार, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एलजीए १७०० ची मालिका चौदाव्या पिढीवर थांबली. म्हणजे तो बोर्ड वाईट असं नाही, पण पुढची वाढ मर्यादित. हे माहीत असताना घेतलेला निर्णय वेगळा आणि नंतर कळलेला वेगळा!

सॉकेट जुळलं तरी एक मेख राहते, ती म्हणजे बायोस. बायोस हा मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम. समजा, दुकानात बराच काळ पडून असलेला बी६५० बोर्ड घेतला आणि त्यावर २०२४ मध्ये आलेला रायझेन ९००० मालिकेचा प्रोसेसर बसवला. बायोस जुना असेल तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि स्क्रीन काळीच राहील. मुलाला वाटेल आपल्या हातून काहीतरी बिघडलं. उपाय सोपा आहे. दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्या किंवा ‘बायोस फ्लॅशबॅक’चं बटण असलेला बोर्ड घ्या. त्यात प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

दुसरी जुळणी: रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅम दिसायला सारख्या. दोघींच्या पिनाही २८८. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावला तर बोर्डच जायचा.

एएम५ आणि एलजीए १८५१ वर फक्त डीडीआर५ चालते. एएम४ वर डीडीआर४. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि गफलत तिथेच होते. एकाच नावाच्या बोर्डची एक आवृत्ती डीडीआर४ ची, दुसरी डीडीआर५ ची. खोक्यावर नीट वाचा.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत. त्यामुळे “दादाच्या जुन्या पीसीतली रॅम वापरू” हा विचार घरात येणारच. विचार चांगला आहे, पण ती रॅम डीडीआर४ असेल तर नवा बोर्डही डीडीआर४ चाच हवा. लॅपटॉपची रॅम तर लांबीलाच कमी असते, ती डेस्कटॉपच्या बोर्डवर बसत नाही.

एकाच मोठ्या रॅमपेक्षा सारख्या दोन घ्या. चार जागा असतील तर साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवतात. बोर्डच्या पुस्तिकेत आकृती असते. आणि रॅमचा खोक्यावर लिहिलेला वेग आपोआप मिळत नाही. त्यासाठी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावं लागतं.

तिसरी जुळणी: मापं

आता टेप काढा! घरात फ्रिज आणताना आपण दाराची रुंदी मोजतो, तसंच हे.

मदरबोर्डची तीन मापं सर्रास मिळतात: एटीएक्स ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलटं नाही.

ग्राफिक्स कार्डची लांबी मॉडेलप्रमाणे बदलते. एकाच चिपचं दोन पंख्यांचं कार्ड अडीचशे मिलिमीटरच्या आसपास असतं, तर तीन पंख्यांचं तीनशेच्या पुढे जाऊ शकतं. कॅबिनेटच्या माहितीत जास्तीत जास्त किती लांबीचं कार्ड बसेल ते दिलेलं असतं. पण पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर लावणार असाल तर त्या आकड्यातून साधारण ५० ते ५५ मिलिमीटर वजा करा.

कूलरची उंचीही बघा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा प्रसिद्ध कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटमध्ये १६० चीच जागा असेल तर काचेचं झाकण लागणार नाही. कूलरसोबत आपल्या सॉकेटचा ब्रॅकेट आहे का, हेही विचारा.

चौथी जुळणी: वीज

आपल्याकडे ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो पीसीचा वीजपुरवठा. बजेट कमी पडलं की कात्री लागते ती यालाच, आणि ती लावू नये. बाकी सगळे भाग याच्याच जिवावर चालतात.

हिशेब करून बघू. रायझेन ५ ७६०० हा प्रोसेसर पूर्ण भार असताना ८८ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ५०६० कार्ड १४५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासएक वॅट धरले तर बेरीज तीनशेच्या आत. तरीही या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कारण भार क्षणात उसळतो आणि थोडी ऐसपैस जागा हवी.

‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो. बनावट किती दणकट आहे ते तो सांगत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षंही बघा. प्रोसेसरची ८ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डची ८ पिनांची वायर दिसायला सारख्या, पण त्यांची अदलाबदल करायची नाही. सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या किंवा जुन्या मॉडेलच्या वायरी त्याला कधीही जोडू नका. प्लग बसतो, आतली जोडणी वेगळी असते आणि एसएसडी किंवा कार्ड जळू शकतं.

वीज गेली की पीसी बंद पडू नये म्हणून यूपीएस घेतला जातो. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. वरची बेरीज आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो. १००० व्हीएचा घेतलेला बरा. भाड्याच्या घरात राहत असाल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगला अर्थिंग आहे ना, तेही तपासून घ्या.

डोळ्यांना न दिसणारी जुळणी

काही भाग एकमेकांत छान बसतात, तरी पैसे वाया जातात. महागडं कार्ड घेतलं आणि मॉनिटर जुना ६० हर्ट्झचा ठेवला, तर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं दिसणारच नाहीत. मॉनिटरची वायर कार्डऐवजी मदरबोर्डला लावली तर कार्ड बिचारं बसून राहतं. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. तो घेतला आणि कार्ड ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवलं, तर महिनाभर स्क्रीन काळी!

एसएसडीचंही तसंच. एम.२ आकाराच्या जागेत काही ठिकाणी एनव्हीएमई चालते, काही ठिकाणी साटा, काही ठिकाणी दोन्ही. कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डवर त्याची जागा आहे का, तेही बघा.

सर्वांत जास्त फसगत होते ती “आय सेव्हन, १६ जीबी, स्वस्तात मस्त” अशा जुन्या जोडलेल्या पीसीत. आय सेव्हन कोणत्या पिढीचा? २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीचा असेल तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही. तिथे इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणजे ज्या खेळासाठी पीसी घेतला, तोच उघडणार नाही!

दुकानात जाण्याआधी हे सहा प्रश्न

• प्रोसेसर आणि बोर्डचं सॉकेट एकच आहे का? बायोस नवा आहे का?
• बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा? रॅम तीच आहे का?
• बोर्ड, कार्ड आणि कूलर कॅबिनेटमध्ये मावतात का? मिलिमीटरमध्ये लिहा.
• वॅटची बेरीज किती? एसएमपीएस आणि यूपीएस पुरतात का?
• मॉनिटर, विंडोज आणि आवडता खेळ यांच्याशी पीसी जुळतो का?
• वॉरंटी कोण देणार, किती वर्षं, आणि सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का?

पीसीपार्टपिकर या संकेतस्थळावर यादी भरली की बऱ्याच विसंगती आपोआप दिसतात. तिथे सगळंच पकडलं जातं असं नाही, म्हणून मदरबोर्ड कंपनीच्या पानावरची प्रोसेसरची यादीही बघा. दुकानदाराने ऐनवेळी एखादी वस्तू बदलून सुचवली, तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. हे सहा प्रश्न त्या वस्तूला पुन्हा लावा. बिलावर जीएसटी आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवाच. मदरबोर्ड काउंटरवरच उघडून घ्या. एएम५ आणि इंटेलच्या बोर्डमध्ये नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात. एखादी वाकलेली नाही ना, ते मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघा आणि फोटो काढून ठेवा.

आणि पालकांनो, या सहा प्रश्नांची उत्तरं तुम्ही शोधू नका. वही मुलांच्या हातात द्या. “प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर लिहून दाखव, मग आपण मिळून बाजारात जाऊ,” एवढंच सांगा. जो मुलगा किंवा जी मुलगी कार्डची लांबी मिलिमीटरमध्ये आणि वीज वॅटमध्ये समजावून सांगते, तिच्या हाती घरचे पैसे द्यायला हरकत नाही. वहीतली एखादी जागा रिकामी राहिली, तर खरेदी पुढच्या शनिवारी करा. आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही. न जुळणारा बोर्ड मात्र वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहतो.