शेळीची शिंगे : ठेवावीत की काढावीत?

स्वित्झर्लंडमध्ये २५ नोव्हेंबर २०१८ रोजी जनावरांच्या शिंगांवर देशभर मतदान झाले. जे शेतकरी आपल्या गायींची आणि शेळ्यांची शिंगे काढत नाहीत त्यांना सरकारने अनुदान द्यावे, आणि तशी तरतूद थेट राज्यघटनेतच करावी, अशी मागणी आर्मिन कापाऊल या शेतकऱ्याने केली होती. त्यासाठी लाखावर सह्या जमल्या. मतदानात ५४.७ टक्के लोकांनी मागणी फेटाळली. म्हणजे सुमारे पंचेचाळीस टक्के नागरिक शिंगांच्या बाजूने उभे राहिले.

आपल्याकडे शेळीची शिंगे काढतात हेच पुष्कळांना नवे वाटेल. चरायला जाणाऱ्या शेळीची शिंगे काढण्याचा विचार कोणी करत नाही. पण गोठ्यात बांधून किंवा जाळीच्या कुंपणात शेळ्या पाळायच्या म्हटल्या की हा प्रश्न पुढे येतो, आणि आज ग्रामीण शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या घरी अशी शेळी असते. शिवाय या एका प्रश्नात शरीररचना, वेदना आणि मेंडेलची आनुवंशिकता असे तीन पाठ एकत्र येतात.

शिंगाच्या आत काय असते?

नख कापले तर दुखत नाही, तसेच शिंगही असणार, असा मुलांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. शिंगाचे बाहेरचे टोपण केराटिनचे, म्हणजे नखांच्या आणि केसांच्याच द्रव्याचे असते. ते निर्जीव आहे. पण त्याच्या आत कपाळाच्या हाडातून वर आलेला जिवंत हाडाचा गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात. शेळी मोठी होत जाते तशी कपाळाच्या हाडातील हवेची पोकळी, ज्याला आपण बोलताना नुसते ‘सायनस’ म्हणतो, ती या गाभ्यात शिरते. म्हणून मोठ्या शेळीचे शिंग बुडातून कापले तर रक्त तर वाहतेच, पण डोक्यातल्या पोकळीला थेट भोक पडते. तिथे पू होतो, माश्या बसतात, अळ्या पडतात. जखम भरायला अनेक आठवडे लागतात.

खाटकाकडून एखादे शिंग मिळाले तर ते बराच वेळ पाण्यात उकळावे. टोपण सैल होऊन गाभ्यावरून निघते. दोन्ही भाग शेजारी ठेवून मुलांना हाताळू द्यावेत. टोपणाचा बारीक तुकडा जाळला तर केस जळाल्यासारखा वास येतो. हरणांचा विषय निघालाच तर हेही सांगता येईल की सांबर-चितळाची शिंगे पूर्ण हाडाची असतात आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा येतात. शेळीचे शिंग जन्मभराचे असते. मराठीत दोन्हींना ‘शिंग’च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो.

या रक्तवाहिन्यांचा आणखी एक उपयोग आहे. शेळीला उष्ण हवेत ठेवले किंवा पळवले की शिंगातील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शिंगांतून उष्णता बाहेर जाते, असे सी. आर. टेलर या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दाखवले. अर्थात भुंड्या शेळ्याही उन्हात जगतातच. धापा टाकणे हा उपाय त्यांच्याजवळ असतो. तेव्हा शिंगे काढली की शेळी उन्हाने मरेल असे कोणी सांगू लागले तर ते खरे मानू नये.

मग काढतात कशासाठी?

मोकळ्या रानात कमजोर शेळी जबरदस्त शेळीपासून दूर सरते आणि भांडण तिथेच मिटते. गोठ्यात दूर सरायला जागा नसते. शिंगाचा फटका पोटाला, कासेला किंवा डोळ्याला बसतो. चौकोनी जाळीत डोके सहज आत जाते, पण मागे वळलेली शिंगे ते बाहेर येऊ देत नाहीत. अशी अडकलेली शेळी दिवसभर उपाशी राहते किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडते. धार काढताना माणसालाही इजा होते. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या दूध-गोठ्यांनी म्हणूनच करडांची शिंगे उगवण्याआधीच मारण्याची पद्धत घेतली.

करडू आठवड्याभराचे झाले की शिंगाच्या कोंबावर तापलेल्या लोखंडाचे नळकांडे काही सेकंद दाबून धरतात. शिंग तयार करणारी त्वचा जळते आणि पुढे शिंग येत नाही. वासरांतही हेच करतात, पण वासरावर शिकलेला हात करडावर चालत नाही. करडाची कवटी फार पातळ असते आणि मेंदू लगेच खाली असतो. लोखंड दोन-चार सेकंद जास्त टेकले तर उष्णता मेंदूपर्यंत पोचते आणि करडू दगावते. कमी टेकले तर वेडेवाकडे खुरटे शिंग उगवते, ते कधी कधी वळून कवटीतच रुतते.

भूल देणेही सोपे नाही. वासराच्या शिंगाला मुख्यतः एक चेता पुरवठा करते, तर करडाच्या प्रत्येक शिंगाला दोन, म्हणजे चार ठिकाणी सुई टोचावी लागते. भुलीच्या औषधाची सुरक्षित मात्रा वजनावर ठरते आणि करडाचे वजन असते दोन-तीन किलो. थोडे जास्त झाले की झटके येतात. हे पशुवैद्यानेच करायचे काम आहे, घरी मुळीच नव्हे. लोखंडाऐवजी दुसरे काही वापरून वेदना टळतात का, हे न्यूझीलंडमध्ये तपासले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दाहक मलम आणि अतिशीत द्रव या दोन्हींमुळे रक्तातील ताणाचे संप्रेरक तापल्या लोखंडापेक्षाही जास्त वाढले. लवंगेच्या तेलातील द्रव्य टोचल्यावर ते लोखंडाइतकेच वाढले. मलमाचा आणखी धोका म्हणजे ते ओघळून डोळ्यात जाते, आणि शेजारचे करडू ते चाटते.

भुंड्या शेळ्याच का पैदा करू नयेत?

इथे खरी गंमत आहे. जन्मतः शिंगे नसलेल्या, भुंड्या शेळ्या असतातच. आपल्या उस्मानाबादी जातीत शिंगवाल्या आणि भुंड्या दोन्ही दिसतात. भुंडेपणाचे जनुक प्रभावी असते: करडाला आईबापांपैकी एकाकडून मिळाले तरी ते भुंडे होते. मग भुंडा बोकड आणि भुंडी शेळी यांची जोडी लावत गेले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. युरोपातल्या पैदासकारांनाही तसेच वाटले होते. पण त्यांच्या कळपांत विचित्र करडे जन्मू लागली. ती ना धड पाठ, ना धड बोकड, आणि कायमची वांझ. या आंतरलिंगी करडांचा भुंडेपणाशी संबंध असावा, असे एस. ए. आस्डेल यांनी १९४४ मध्ये मांडले.

हिशेब फळ्यावर करून पाहता येतो. भुंडेपणाचे जनुक ‘भ’, शिंगाचे ‘श’. बोकड ‘भश’, शेळी ‘भश’. चार शक्यता होतात : भभ, भश, शभ, शश. म्हणजे पावभाग करडे ‘भभ’. त्यांतली निम्मी गुणसूत्रांच्या हिशेबाने मादी. नेमकी हीच आंतरलिंगी होतात. एकूण आठांत एक. ‘भभ’ नरांपैकी काहींतही शुक्राणूंची वाट बंद होऊन वांझपणा येतो. मात्र जोडीतला एक जण शिंगवाला, म्हणजे ‘शश’ असेल, तर ‘भभ’ करडू होऊच शकत नाही.

याचे कारण फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये शोधले. शेळीच्या पहिल्या गुणसूत्रावर सुमारे ११,७०० अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात प्रथिन बनवणारे एकही जनुक नाही. पण तो नसला की दूरवरचे ‘फॉक्सएल-२’ हे जनुक गर्भातल्या अंडाशयात जागे होत नाही, आणि त्या जनुकाशिवाय अंडाशय अंडाशय राहत नाही, वृषणाच्या दिशेने वळते. एकाच खटक्यावर शिंग आणि लिंग दोन्ही अडकलेली आहेत. गायींत भुंडेपणाचा असा काही जाच नाही. तिथे भुंड्या जाती सुखाने वाढवता येतात. शेळीत मात्र एक शिंगवाला ठेवावाच लागतो, आणि तो ठेवला की काही करडांना शिंगे येणारच.

तेव्हा आपल्याकडच्या पाच-दहा शेळ्यांच्या घराने काय करावे? माझ्या मते शिंगे ठेवावीत आणि गोठा बदलावा. गव्हाणीपाशी प्रत्येकीला ऐसपैस जागा द्यावी, जाळीची भोके एकतर डोके जाणार नाही इतकी लहान किंवा शिंगांसह सहज बाहेर येईल इतकी मोठी ठेवावीत, भुंड्या आणि शिंगवाल्या शेळ्या शक्यतो वेगळ्या बांधाव्यात. एकत्र असल्या तर भुंडीच्या वाट्याला चारा शेवटी येतो. बकरी ईदच्या बाजारात शाबूत शिंगांच्या देखण्या बोकडाला मागणी असते, हाही व्यवहार विसरून चालत नाही. शेकडो दुभत्या शेळ्या एका छपराखाली ठेवणाऱ्याचा हिशेब वेगळा असू शकतो. पण त्याने पशुवैद्याची भूल आणि वेदनाशामक यांचा खर्च आधी धरावा.

आठवी ते दहावीच्या मुलांकडून गावातल्या शेळ्यांची नोंद करून घेता येईल. प्रत्येक वेताची आई भुंडी की शिंगवाली, बाप कसा, करडे किती, त्यांत पाठी किती आणि भुंडी किती, एवढे रकाने पुरेत. नवजात करडू ओळखण्याची खूण सोपी आहे: शिंगे येणार असतील तर कपाळावर केसांचे दोन भोवरे दिसतात आणि तिथली कातडी बोटाने सरकत नाही. बापाचा रकाना भरणेच अवघड जाईल, कारण चरायला गेलेल्या शेळीचा बोकड कोणता हे बहुधा फक्त गुराख्याला माहीत असते. तेव्हा मुलांना आधी त्याच्याकडे पाठवावे.