उतारावरचे शिक्षक आणि सूर्यास्ताची वेळ

महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी थंडीच्या कडाक्यात दवबिंदू गोठतात आणि जवळजवळ दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून ‘हिमकणां’ची छायाचित्रे झळकतात, एवढाच सातारा जिल्ह्याचा बर्फाशी संबंध असून सांगलीच्या वाट्याला तेवढाही येत नाही. त्यामुळे दोन्ही पाय एका फळीला बांधून बर्फाळ उतारावरून घसरत जाण्याचा खेळ, म्हणजे स्नोबोर्डिंग, शिकवणारा प्रशिक्षक या भागात आढळण्याचे कारण नाही. तथापि माणसाला उतारावरून सुखरूप खाली आणणे हा त्या व्यवसायाचा गाभा मानला, तर त्याचा जवळचा नातलग पाचगणीच्या कड्यांवर भेटतो. कापडी पंखाखाली लटकून डोंगरावरून दरीत तरंगत जाण्याची विद्या, म्हणजे पॅराग्लायडिंग, शिकवणारा प्रशिक्षक तो हा.

हे नाते निव्वळ कल्पनेतले नाही. अमेरिकेत डेव्हिड बॅरिश या संशोधकाने अवकाशयानांच्या परतीसाठी आखलेला एक कापडी पंख १९६५ साली स्कीइंगच्या उतारावरून उडवून पाहिला, आणि पुढे बर्फ नसलेल्या ऋतूत स्कीइंगच्या गावांना चालेल असा खेळ म्हणून त्याचा प्रचारही केला. त्याच वर्षीच्या नाताळात मिशिगन राज्यातील मस्किगन येथे शर्मन पॉपेन यांनी मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की एकमेकींना जोडून ‘स्नर्फर’ नावाचे खेळणे तयार केले, आणि त्यातूनच पुढे स्नोबोर्ड घडला. बॅरिश यांचा खेळ त्या काळी रुजला नाही. १९७८ साली फ्रान्समधील मिउसी या आल्प्सच्या गावी हवाई छत्रीच्या खेळाडूंनी विमानाऐवजी डोंगरउतारावरून धावत उड्डाण केले, तेव्हापासून आजच्या पॅराग्लायडिंगचा इतिहास मोजला जातो. स्नोबोर्डिंगला १९९८ साली नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

स्नोबोर्डच्या प्रशिक्षकाचे काम वेगापासून नव्हे, तर पडण्यापासून सुरू होते. फळीवर पाय पट्ट्यांनी जखडलेले असल्यामुळे तोल गेलेला नवशिका हात टेकवून स्वतःला सावरू पाहतो, आणि म्हणूनच नवशिक्यांच्या दुखापतींमध्ये मनगटाच्या दुखापतींचे प्रमाण मोठे असते; मुठी मिटून कोपरापुढच्या हातावर पडणे किंवा मागे पडताना बसकण मारणे हा धडा पहिल्याच तासात घोटून घेतला जातो. त्यानंतर फळीच्या दोन कडांची ओळख होते. टाचांकडची कड बर्फात रुतवली की दरीकडे तोंड करून थांबता येते आणि चवड्यांकडची रुतवली की डोंगराकडे तोंड करून. कड किंचित सैल सोडून फळी आडवीच खाली सरकवणे, मग झाडावरून गळणाऱ्या पानासारखे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे तिरपे उतरणे, आणि शेवटी एका कडेवरून दुसरीवर जाऊन वळण पूर्ण करणे असा हा क्रम असतो. थोडक्यात, विद्यार्थी घसरायला शिकण्याआधी थांबायला शिकतो. भारतात बर्फावरील खेळांचे असे पद्धतशीर शिक्षण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्ग येथील संस्थेत आणि मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत मिळते, आणि महाराष्ट्रातल्या इच्छुकाला तेथवर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

पाचगणीच्या प्रशिक्षकापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण हवेत थांबण्याची सोयच नाही. पॅराग्लायडरचा पंख पुढे सरकत राहिला तरच त्याच्या कप्प्यांत हवा भरलेली राहते आणि तो वजन पेलतो. दोन्ही हातांतील ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या, प्रमाणाबाहेर ओढल्या तर वाहनासारखा तो उभा राहत नाही, उलट कोसळतो. म्हणून येथे थांबण्याची जागा जमिनीवरच्या सरावाला दिलेली असते. विद्यार्थ्याने मोकळ्या पठारावर वाऱ्याकडे तोंड करून पंख डोक्यावर उभा करायचा, तो डावीकडे कलला की त्याच्याखाली धावत जायचे, आणि पुन्हा खाली पाडायचा. हे रटाळ वाटणारे काम जो मन लावून करतो त्याला उड्डाण सोपे जाते, असे या क्षेत्रात मानले जाते. लहान टेकडीवरची उड्डाणे त्यानंतर येतात आणि मोठा कडा त्याच्याही नंतर. टँडम, म्हणजे जोडीने उडण्याच्या फेरीत पर्यटकाला पुढे बसवून वैमानिक मागे बसतो. बहुसंख्य पर्यटकांना तोच प्रशिक्षक वाटतो, परंतु प्रवाशाला नेऊन आणणे आणि शिष्याला एकट्याने सोडणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि दुसऱ्यात प्रशिक्षक जमिनीवर उभा राहून केवळ वॉकीटॉकीवरच्या आवाजाने शिष्याला सांभाळत असतो.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर असून तिच्या पायथ्याशी वाई आणि धोम धरणाचा जलाशय आहे. ज्या कृष्णेची पातळी सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी श्वास रोखून मोजतात, तीच नदी येथे उडणाऱ्याच्या पायांखाली निवांत पसरलेली दिसते. साधा पंख सेकंदाला साधारण एक मीटर खाली उतरतो. तेव्हा वर उचलणारी हवा मिळाली नाही तर पाचशे मीटरचा उतार आठ-नऊ मिनिटांत संपतो, आणि मिळाली तर तासन्‌तास वर राहता येते. दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना वारा नवा नाही, कारण साताऱ्याकडील चाळकेवाडी व वनकुसवडे आणि सांगलीकडील गुढे-पाचगणी व ढालगाव येथील पवनचक्क्या त्यांच्या परिचयाच्या आहेत. मात्र पवनचक्कीला हवा असणारा वारा उडणाऱ्याला नको असतो. चक्की पूर्ण क्षमतेने चालते ती साधारण ताशी चाळीस किलोमीटर किंवा त्याहून अधिक वाऱ्यात, आणि साध्या पंखाचा स्वतःचा वेग ताशी पस्तीस ते अडतीस किलोमीटर इतकाच असल्याने अशा वाऱ्यात तो पुढे जाण्याऐवजी मागे ढकलला जाईल. पावसाळ्यात म्हणूनच हा व्यवसाय बंद असतो आणि ऑक्टोबर ते मे हा त्याचा हंगाम ठरतो. बर्फावरच्या प्रशिक्षकाप्रमाणे येथील प्रशिक्षकालाही वर्षाची कमाई काही महिन्यांतच करावी लागते.

या दोन विद्यांमधला खरा भेद रात्र पडल्यावर उघड होतो. बर्फाच्या उतारांवर दिवे लावून रात्री घसरण्याची प्रथा अमेरिकेत १९३० च्या दशकातच सुरू झाली, आणि जपानमध्ये तर ती इतकी रुळली आहे की तिला ‘नाइटर’ असे घरगुती नाव आहे. होक्काइदो बेटावरील निसेको येथे दिवसाचे काम आटोपून प्रशिक्षक स्वतःच्या आनंदासाठी याच वेळी उतारावर येतात. विशेष म्हणजे ढगाळ दिवसापेक्षा दिव्यांच्या उजेडात उतार अधिक स्पष्ट दिसू शकतो. ढगांतून झिरपणारा प्रकाश चोहीकडून सारखा येत असल्याने सावल्याच पडत नाहीत आणि शुभ्र बर्फातले खड्डे-उंचवटे नाहीसे होतात, उलट खांबावरचा दिवा एका बाजूने उजेड टाकतो आणि प्रत्येक उंचवट्याला त्याची सावली परत देतो. अर्थात दोन खांबांमधल्या काळोख्या पट्ट्यात हे सुख संपते, खांब मागे पडला की स्वारालाच स्वतःची सावली पुढे धावताना दिसते, आणि दिवसा ओलसर झालेला पृष्ठभाग गोठून काचेसारखा कडक झाल्याने कड रुतत नाही. तरीही शंका आली की फळी आडवी करून थांबता येते, आणि त्या एका सोयीवर बर्फावरची सारी रात्र उभी आहे.

पाचगणीला ती सोय नाही. उडणाऱ्याला वारा दिसत नाही. तो गवताच्या लवण्यावरून, पाण्यावरच्या तरंगांवरून, शेतातल्या धुरावरून आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीवरून ओळखायचा असतो, आणि अंधार या सगळ्या खुणा पुसतो. विजेच्या तारा तर दिवसाही कष्टाने दिसतात. शिवाय डोंगराची हवाही पालटते. दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते आणि उडणाऱ्याला समोरून वारा मिळतो, परंतु रात्री थंड व जड झालेली हवा डोंगरावरून दरीकडे वाहू लागते, म्हणजे धाव घेणाऱ्याच्या पाठीवर येते, आणि पाठीवरच्या वाऱ्यात पंख नीट उभा राहत नाही. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घातले. सूर्यास्तानंतर उडायचे नाही हा दंडक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात आला आहे.

सूर्यास्ताआधीचा तासभर मात्र फार मोलाचा असतो. उन्हाचा जोर ओसरल्यावर दिवसभर तापलेली दरी साठवलेली ऊब हळूहळू सोडते, दुपारचे हिसके नाहीसे होतात आणि रुंद दरीवर मऊ, एकसारखी वर येणारी हवा पसरते. शिष्याला पहिल्यांदा थोडा अधिक वेळ हवेत राहू द्यायला प्रशिक्षक हीच वेळ निवडतात. वाईच्या बाजूला घरांचे दिवे लागू लागले की वॉकीटॉकीवरून उतरण्याची सूचना जाते, आणि धोमच्या पाण्यावरची चमक विझण्याआधी पंख घडी करून पिशव्यांत भरलेले असतात.