‘डर्ट बाइकला कागद नसतातच’

सेकंडहँड डर्ट बाइकचा सौदा सुरू झाला की विकणारा हे वाक्य हमखास म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. गाडी डोळ्यांत भरलेली असते, भाव शोरूमच्या निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. या एका वाक्यावर लोक लाखो रुपये मोजतात, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा. नोंदणी आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टींची त्यात गल्लत केलेली असते. काही डर्ट बाइकची आरटीओत नोंदणी होत नाही, हे खरे. पण म्हणून त्या गाडीच्या मालकीचा पुरावाच नसतो, हे साफ खोटे.

आधी गाडीची जात ओळखावी. हिरोची एक्सपल्स किंवा २०११ साली आलेली इम्पल्स ही मातीत चालणारी, पण रस्त्यासाठी मंजूर झालेली गाडी. तिला नंबर प्लेट असते, आरसी असते, विमा असतो. अशी गाडी ‘बिनकागदांची’ म्हणून कुणी विकत असेल, तर तिथून सरळ उठावे. कावासाकीची केएक्स मालिका मात्र निव्वळ स्पर्धेची. हेडलाइट नाही, आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत. तिची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही आणि कंपनीही ती त्यासाठी विकत नाही. कागद नसतात हे वाक्य या दुसऱ्या जातीवरून जन्मले आणि सगळ्याच गाड्यांना चिकटले.

या दुसऱ्या जातीलाही कागद असतात. डीलरने पहिल्या ग्राहकाला दिलेले बिल असते आणि त्यावर चासी व इंजिन नंबर असतो. बाहेरून मागवलेल्या गाडीच्या आयातीची सीमाशुल्क खात्यात बिल ऑफ एंट्री भरलेली असते. उलट अशा गाडीच्या बाबतीत या कागदांचे मोल जास्तच, कारण आरटीओच्या दप्तरात मालकाचे नाव सापडण्याची सोयच नसते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २७ सांगते की विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. याला मोजके अपवाद आहेत, पण चोरीची गाडी त्यांत बसत नाही. ती तीन हात फिरून आली तरी खऱ्या मालकाचीच राहते आणि शेवटच्या खरेदीदाराचे पैसे बुडतात. ‘आम्ही स्टँपपेपरवर लिहून घेतले आहे’ हे उत्तर नेहमी मिळते. स्टँपपेपरवर विकणाऱ्याने काय कबूल केले ते कळते. गाडी मुळात त्याची होती का, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय चोरीचा माल आहे असे मानायला कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नाही, फ्रेमवर पंच केलेला नंबर घासलेला आहे आणि भाव संशयास्पद कमी आहे, इतके दिसल्यावर ‘मला काय माहीत’ हा बचाव टिकणे अवघड.

यावर दुसरा आक्षेप येतो : मी गाडी रस्त्यावर काढणारच नाही, टेकडीवर नाहीतर नदीच्या पात्रात चालवीन. मोटार वाहन कायद्याचे कलम ३९ इथे वाचायला हवे. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी ‘किंवा इतर कोणत्याही जागी’ चालवू नये, असे त्यात म्हटले आहे. फक्त बंदिस्त आवारातच वापरण्याजोगे खास वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळले आहे. टेकडी किंवा वनखात्याची वाट म्हणजे बंदिस्त आवार नव्हे. स्पर्धेची गाडी जरूर घ्यावी, पण ती टेंपोतून ट्रॅकवर न्यावी आणि टेंपोतूनच परत आणावी.

आता नोंदणी झालेल्या गाडीकडे वळू. तिथे याच गैरसमजाचे धाकटे भावंड भेटते : ‘फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, झाली गाडी आपली.’ हे फॉर्म आरटीओला द्यायचे असतात, कपाटात ठेवायचे नसतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असे कलम ५० सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक विक्रेत्याने वाचावा. त्या प्रकरणातल्या गाडीचे अनेक हात बदलले होते, आरसीवर नाव मात्र पहिल्याच माणसाचे. पुढे अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर टाकली. अपघातग्रस्ताने हस्तांतरांची साखळी शोधत फिरू नये, हा त्यामागचा विचार न्याय्यच आहे.

‘मग ती विकणाऱ्याची डोकेदुखी, माझे काय जाते?’ असे घेणाऱ्याला वाटेल. जाते बरेच. गाडी विकली की तिसऱ्या पक्षाचा विमा घेणाऱ्याकडे आपोआप जातो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. डर्ट बाइक पडण्यासाठीच चालवली जाते म्हटले तरी चालेल, आणि नेमके तेच नुकसान खिशातून भरावे लागते. मूळ मालक वारला, तर सही केलेले फॉर्म घेऊन वारसांच्या दारात उभे राहावे लागते.

उरलेल्या समजुती थोडक्यात. ‘किलोमीटर कमी, म्हणजे गाडी नवी’ : स्पर्धेच्या गाडीचे आयुष्य तासांत मोजतात, म्हणून पिस्टन कधी बदलला ते विचारावे. ‘गाडी गरम करून ठेवली आहे, ऐका आवाज’ : इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, खोड तेव्हाच कळते. ‘हप्ते फिटलेत’ : बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत जाईपर्यंत आरसीवर बोजा राहतोच. ‘नो क्लेम बोनस गाडीबरोबर मिळतो’ : तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. ‘बदल करून घेतलेली गाडी जास्त मोलाची’ : परवानगीविना बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि सौद्यानंतर मालक आपण असतो.

बिनकागदांची गाडी स्वस्त मिळते, कारण विकणारा गाडीबरोबर तिचा धोकाही आपल्या हवाली करत असतो. म्हणून बयाणा देण्याआधी हँडलखालचा माती माखलेला भाग फडक्याने पुसावा, फ्रेमवरचा नंबर बिलाशी किंवा आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा. नंबर जुळला नाही, किंवा जुळवायला कागदच नसला, तर पैसे खिशातच ठेवावेत.