पंधराव्या बाणाचे मन

शरीर कसे कमवावे हे वऱ्हाडच्या लोकांस सांगण्याची गरज नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ सालच्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले होते. त्याच बर्लिनमध्ये ५ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरचा ओजस देवतळे धनुर्विद्येच्या कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात पंधरा बाण, पंधराही दहाच्या वर्तुळात, गुण १५०. प्रतिस्पर्ध्याचे १४९! सातारची सतरा वर्षांची अदिती स्वामीही त्याच दिवशी महिलांत जगज्जेती ठरली.

ते दहाचे वर्तुळ अवघे आठ सेंटीमीटर व्यासाचे, चहाच्या कपाच्या तोंडाएवढे, आणि तेही पन्नास मीटरांवर. बाण सोडावयास वीस सेकंद. दंडातले बळ पहिल्या बाणाला असते तेच पंधराव्यालाही असते. पालटते ते मन. ‘हा चुकला तर?’ एवढे मनात आले की छाती धडधडू लागते, श्वास आखूड होतो, खांदे आवळतात. आणि हात केसभर हलला तरी बाण वर्तुळाबाहेर जातो. हा भित्रेपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे. म्हणूनच त्याला वळण लावता येते.

ते कसे? पाय रोवणे, सावकाश श्वास सोडणे, दोरी ओढणे, नेम धरणे, हा क्रम प्रत्येक वेळी तोच ठेवावयाचा, म्हणजे मनाला निकालाऐवजी हातचे काम मिळते. लांबविलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गतीही मंदावते. कबड्डीच्या मुलांना सरावातच सांगावे : दोन गुणांची पिछाडी आहे, चढाई शेवटची आहे, आणि भोवती इतरांना हवा तेवढा गलका करू द्यावा. सामन्यातली धास्ती अशी आधीच ओळखीची होते. (दंडबैठका चुकविण्यास हे निमित्त नव्हे, हेही सांगून ठेवतो.)

परंतु हे सारे शिक्षक करतील, आणि घरी आपण एका प्रश्नाने ते पुसून टाकू. पुसदचा मुलगा यवतमाळला जिल्ह्याचा सामना खेळून येतो, एस.टी.तून पाय खाली ठेवतो न ठेवतो तोच आपण विचारतो, “जिंकलास का?” ‘कसा खेळलास?’ असे विचारणारा बाप विरळा. मीही त्यांतला नव्हतो. माझ्या मुलाने दहावीत कबड्डी सोडली. कारण त्याने अभ्यासाचे सांगितले, आणि मी ते त्या वेळी खरे मानले.