एका लेखापुरतं यंत्र

बार्तोश चेखानोव्स्की यांचा २०२२ सालचा एक लेख इंटरनेटवर आहे. विषय साधाच : चावीचं मनगटी घड्याळ चालतं कसं? वाचत खाली जावं, तर मधेच घड्याळाची यंत्रणा समोर येते आणि ती चक्क बोटाने फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येते. पट्टी सरकवावी तशी दातेरी चाकं एकमेकांना रेटतात. चावी दिल्यावर स्प्रिंग कशी आवळते, ती एकदम न सुटता टिकटिक करत थोडीथोडी का सुटते, हे इथे नुसतं वाचायचं नसतं, हाताने करून पाहायचं असतं.

यासाठी कुठलं अ‍ॅप लागत नाही. साध्या ब्राउझरमध्ये एक पान उघडलं की झालं. त्याच लेखकाचा जीपीएसवरचा लेख उघडला तर तिथे उपग्रह फिरताना दिसतात, घड्याळाचा मागमूसही नसतो. प्रत्येक लेखाला त्याच्यापुरतं यंत्र जोडलेलं आहे. हे जमतं कसं?

वेबपान छापील पानासारखं तयार होऊन येतच नाही. येतो तो मजकूर आणि सूचना. पान घडतं वाचकाच्या फोनवर, त्याच क्षणी. ब्राउझर एचटीएमएलची फाइल वरून खाली वाचत जातो. ‘लिंक’ची ओळ लागली की तिथे सांगितलेली स्टाइलशीट मागवतो : रंग, अक्षरं, समास, मांडणी. ‘स्क्रिप्ट’ची ओळ लागली की जावास्क्रिप्टची फाइल मागवतो, बोटाच्या स्पर्शाला ओ देते ती हीच. ज्या लेखात या ओळी, तिथेच त्या फाइली. शेजारच्या लेखाला त्यांचा पत्ता नसतो आणि त्यांचं ओझंही नसतं.

कोणती गोष्ट कधी यावी, याचीही चोख व्यवस्था आहे. वरच्या भागातली स्टाइलशीट हाती येईपर्यंत ब्राउझर पान दाखवत नाही, नाहीतर वाचकाला आधी उघडंबोडकं पान दिसेल आणि मग ते डोळ्यांदेखत बदलेल. स्क्रिप्ट लागली तर तो वाचनच थांबवतो, कारण ती पुढचा मजकूर बदलू शकते. पण त्या ओळीत ‘डिफर’ हा एक शब्द घातला की चित्र पालटतं. स्क्रिप्ट मागच्या मागे उतरत राहते, मजकूर अडत नाही आणि सगळं पान वाचून झाल्यावरच ती कामाला लागते. मंद नेटवर्कवरच्या वाचकाला लेख लगेच वाचता येतो. घड्याळ मागाहून जिवंत होतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो मतभेद मिटवण्याचा नियम. सगळ्या संकेतस्थळाची एक सामाईक स्टाइलशीट असते. ती म्हणते शीर्षक काळं. लेखाची स्वतःची म्हणते जांभळं. ऐकायचं कुणाचं? होकोन व्हिउम ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत असताना १९९४ च्या ऑक्टोबरात सीएसएसचा, म्हणजे स्टाइलशीटच्या भाषेचा, प्रस्ताव मांडला तोच अशा मतभेदांचा विचार करून. आजची रीत अशी : जो नियम जास्त नेमका, तो जिंकतो. दोन्ही तुल्यबळ असतील तर नंतर आलेला जिंकतो. म्हणून लेखाची फाइल सामाईक फाइलीच्या खाली जोडायची. जिथे मतभेद आहे तेवढंच बदलतं, बाकी सारं घरचं तसंच राहतं. एक लेख पूर्ण वेगळा दिसू शकतो आणि तरी त्याच घरातला वाटतो.

जेकिलसारख्या संकेतस्थळ घडवणाऱ्या साधनात तर लेखाच्या फाइलीतच, अगदी वर, तीन-तीन आडव्या रेघांच्या मधे लेखाचं नाव, तारीख आणि त्याला लागणाऱ्या फाइलींची यादी लिहून ठेवता येते. साचा ती यादी पाहतो आणि तेवढ्याच ओळी पानात घालतो. यादी नसेल तर काहीच घालत नाही.

मराठी मजकुराला तर ही सोय फार मोलाची आहे. इंग्रजी शीर्षकं मोकळी दिसावीत म्हणून अक्षरांत अंतर सोडणारा नियम देवनागरीवर लागला की शिरोरेखा तुटते. ओळी जवळ आणल्या की खालच्या ओळीतले रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. ओव्यांवरच्या एखाद्या लेखाला स्वतःची स्टाइलशीट द्यावी, तिच्यात ‘.ओवी’ असा गट करावा (ही नावं देवनागरीत चालतात!), अक्षरांतलं अंतर शून्य करावं, ओळींना श्वास घ्यायला जागा द्यावी. पानाची भाषा मराठी आहे असं नोंदवलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने उमटतात.

आता घड्याळासारखाच हाताने करून पाहण्याजोगा विषय म्हणून पंचांग घ्या. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते, हे वाक्य आपण वाचतो आणि विसरतो. पण पानावरची पट्टी सरकवत चंद्र आपणच पुढे नेला, बाराव्या अंशाला प्रतिपदा संपून द्वितीया लागलेली पाहिली, सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपणारी तिथी पकडली, तर क्षयतिथी कुणाला पाठ करावी लागणार नाही. असा लेख मराठीत लिहायला लागणारी सगळी साधनं प्रत्येक फोनच्या ब्राउझरमध्ये आधीपासून आहेत. विषय मनापासून समजलेल्या कुणीतरी तो लिहायला घ्यावा.