कागदाची घडणक्षमता आणि तिचे पूर्वानुमान

१ जुलै २०२२ पासून भारतात एकदाच वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, तबके इत्यादी वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून कागद व पुठ्ठा यांना खोलगट आकार कसा द्यावा, या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले आहे. साचा तयार करविणे हे खर्चाचे काम असल्याने, विशिष्ट पुठ्ठा त्या साच्यात टिकेल की फाटेल हे आधीच सांगता येईल काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

प्रथम केवळ भूमितीचा विचार करू. १०० मि.मी. लांबीची पट्टी दोन्ही टोकांस घट्ट धरून वर्तुळकंसाच्या आकारात दाबली व मध्यभागी १० मि.मी. खोली साधली, तर पट्टीची लांबी सुमारे २.६ टक्क्यांनी वाढावी लागते. खोली २० मि.मी. हवी असल्यास हीच वाढ १०.३ टक्क्यांवर जाते; म्हणजे खोली दुप्पट, तर ताण जवळजवळ चौपट. सामान्य कागद यंत्रदिशेने, म्हणजे निर्मितीच्या वेळी तो ज्या दिशेने यंत्रावर धावतो त्या दिशेने, दोनएक टक्के ताणला की तुटतो. आडव्या दिशेने तो याहून बराच अधिक ताणला जातो; कारण तंतू बहुतांशी यंत्रदिशेने लागलेले असतात व त्याच दिशेने कागद ओढून धरून वाळविला जातो. दुबळी दिशाच खोलीची मर्यादा ठरविते, हे उघड आहे.

परंतु कडा मोकळ्या ठेवून कागद साच्यात सरकू दिला, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. १५० मि.मी. व्यासाच्या चकतीची कड १०० मि.मी. व्यासात आणावयाची म्हणजे परिघाचा तिसरा हिस्सा, सुमारे १५७ मि.मी., कोठेतरी सामावून घ्यावा लागतो. धातूचा पत्रा अशा वेळी प्रवाही होऊन जाड होतो. कागदाला ते साधत नाही, त्याला चुण्या पडतात. बाजारातील कागदी ताटलीच्या काठावरील नक्षी ही वस्तुतः अशा चुण्यांना लावलेली शिस्तच होय. येथे ताणक्षमतेपेक्षा संपीडनातील वर्तन व तप्त धातूशी होणारे घर्षण निर्णायक ठरते. कड धरणाऱ्या कड्याचा दाब कमी पडला तर चुण्या मोठ्या व वेड्यावाकड्या येतात. अधिक झाला तर तळाशी कागद फाटतो.

म्हणून प्रयोगशाळेतील नेहमीच्या ताणचाचणीवर सर्वस्वी विसंबणे प्रस्तुत लेखकास धोक्याचे वाटते. ती चाचणी २३ अंश सेल्सिअस व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत (उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश व ६५ टक्के) सावकाश व एकाच दिशेने होते. साच्यातील क्रिया मात्र उष्ण, वेगवान व अनेक दिशांची असते. ओलावा व उष्णता यांनी तंतूंतील बहुवारिके मऊ पडतात, ताणक्षमता वाढते, पण बळ घटते. ओलावा अतिरिक्त असेल तर वाफेने पुठ्ठ्याचे थर सुटतात. दोन पुठ्ठ्यांचा सामान्य स्थितीतील क्रम तप्त स्थितीत उलटणे अशक्य नाही. फिनलंडमधील व्हीटीटी या संस्थेतील संशोधकांनी कागदाची पट्टी तापवून तप्त साच्यावरच ताणण्याची चाचणी अवलंबिली, ती याच कारणास्तव. अर्थात तिचा निष्कर्ष घट्ट धरलेल्या कागदापुरता ग्राह्य मानावा. सरकत्या कडेसाठी संपीडन व घर्षण यांची मोजणी स्वतंत्रपणे, आणि साच्याच्याच तापमानास, करावी लागते.